मूळ फोटो कोणाकडे आहे?

पांढुर्ण्याच्या बाजारात फ्लेक्स छापणाऱ्या एका दुकानात मी माझ्या कामासाठी उभा होतो. माझ्यापुढे साठीच्या आसपासचे एक गृहस्थ होते. डोक्याचे केस नुकतेच काढलेले, हातात मोबाइल. वडिलांची तेरवी जवळ आली होती आणि चौकात लावायला बॅनर हवा होता. दुकानातल्या पोरानं फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि मोठा करत नेला. पडद्यावर आधी पांढरी टोपी आली, मग कपाळ, मग भुवया. डोळ्यांपाशी पोचेपर्यंत चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन दिसायला लागले होते.

"काका, ओरिजनल हाये का? हा त फाटून राह्यला."

"हाच हाये ना बाबू. पुतण्यानं पाठवला."

"त्याले कोनं पाठवला?"

"गुरुपवर आला म्हन्ते."

पोरगा समजूतदार होता. त्यानं फोटो लहान ठेवला, भोवती झेंडूची चौकट टाकली, अक्षरं मोठी केली. बॅनर लांबून पाहिला तर चालण्यासारखा झाला. काका बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "डोये दिसत नाहीत बरोबर." पोरगा काही बोलला नाही. त्याच्या हातात काही उरलेलंच नव्हतं. डोळे जे गेले होते ते या दुकानात गेले नव्हते, त्याच्या कितीतरी आधी, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या मोबाइलांमध्ये थोडे थोडे गेले होते.

त्या फोटोचा प्रवास पडद्यावरच वाचता येत होता. म्हाताऱ्या बाबांच्या खांद्यामागे कोणाच्या तरी शालूचा काठ चमकत होता, म्हणजे तो मांडवातला फोटो असणार. लग्नाच्या अल्बममधल्या पानाचा कोणीतरी मोबाइलनं फोटो काढला असेल. वरच्या कोपऱ्यात ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा होता, तो अल्बमवरच्या प्लास्टिकचा. मग तो घरच्या ग्रुपवर गेला असेल. पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपनं तो लहान केला आणि दाबला. कोणीतरी आजूबाजूची माणसं कापून एकट्या बाबांचा चेहरा ठेवला. कोणी वाढदिवसाला त्यावर 'जीवेत शरदः शतम्' लिहिलं, पुढे दुसऱ्यानं ती अक्षरं कापून टाकली, तिसऱ्यानं रंग उजळला. प्रत्येकानं प्रेमानंच केलं. पण दर वेळी 'सेव्ह' म्हणताना फाइल नव्यानं दाबली गेली आणि दर वेळी काहीतरी गळालं.

आमच्या भागाला हे पाठवणं टळत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, पांढुर्णा आणि सौसर मध्य प्रदेशात राहिले, पण रोटी-बेटीचा व्यवहार वरुड, काटोल, नरखेड, नागपूरशी होता तसाच राहिला. मुलगी तिकडे दिलेली, मामा इकडचा, भाऊ नोकरीला भोपाळला, त्याचा पोरगा पुण्याला. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळं होऊन पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हा त्या आदेशाच्या कागदाचा फोटो इतक्या ठिकाणांहून फिरून आला की अक्षरांभोवती राखाडी ठिपक्यांची धूळ साचली होती आणि सहीच्या जागी एक वळवळती रेघ उरली होती. आनंद मात्र सगळ्यांना झाला, कारण मजकूर आधीच माहीत होता.

फोटो साठवण्याच्या ज्या पद्धतीमुळे हे होतं तिचं नाव जेपेग. तिचं मानक १९९२ मध्ये ठरलं. तिच्या पोटातलं गणित मात्र त्याहून जुनं आहे आणि त्यात भारतात जन्मलेल्या माणसांचा हात आहे. बंगळूरचे नासिर अहमद अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना त्यांना चित्रातली माहिती थोडक्यात मांडायची एक रीत सुचली. १९७२ मध्ये त्यांनी त्या कामासाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले. ते मिळाले नाहीत. त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आज जगातला कुठलाही मोबाइल कुठलाही फोटो साठवतो तेव्हा बहुधा या तिघांचं गणित चालतं. नागपूरच्या लग्नातला फोटो सौसरजवळच्या एखाद्या खेड्यात दोन क्षणांत पोचतो, कमी रेंजमध्येही पोचतो, ते यांच्यामुळे. मला त्यांच्याविषयी कृतज्ञताच वाटते. पुढे जे सांगायचं आहे ते त्यांच्याविरुद्ध नाही.

फोटो आधी आठ बाय आठ अशा चौसष्ट ठिपक्यांच्या चौकोनांत कापला जातो. त्या प्रत्येक चौकोनातला उजेड-अंधार चौसष्ट ठरलेल्या नक्ष्यांच्या मिश्रणातून मांडतात. पहिली नक्षी सपाट, मग सावकाश चढउताराच्या, मग अधिकाधिक दाट, शेवटची तर बुद्धिबळाच्या पटापेक्षा वेगळी दिसत नाही. कोणती नक्षी किती प्रमाणात घ्यायची, याचे चौसष्ट आकडे मिळतात. इथपर्यंत फारसं काही हरवत नाही. मग त्या आकड्यांना एका तक्त्यातल्या संख्यांनी भागतात आणि उत्तर पूर्णांकात करून टाकतात. किराणावाला बिलातले सुटे पैसे सोडून देतो, तसं. मोठे आकडे थोडेच हलतात. बारीक नक्ष्यांचे आकडे मुळात लहान, आणि त्यांना भागणाऱ्या संख्या मोठ्या, त्यामुळे ते शून्य होतात. शून्य साठवायला जागा लागत नाही. बहुतेक बचत इथे होते आणि बहुतेक तोटाही इथेच होतो. माणसाच्या डोळ्याला बारीक थरथर कमी कळते आणि रंगापेक्षा उजेड जास्त कळतो, हे ओळखून तो तक्ता बनवलेला आहे. एकदाच केलं तर फाइल दहापट लहान होऊनही बहुतेकांना फरक दिसत नाही.

एकदाच, या शब्दावर सगळं उभं आहे. लोकांचा एक समज असतो की फोटो पुन्हा पुन्हा उघडून पाहिला की झिजतो. तसं होत नाही. हजार वेळा पाहा, पेनड्राइव्हवर कॉपी करा, तिथून दुसऱ्या पेनड्राइव्हवर करा, एक ठिपकाही हलत नाही. न कापता, न बदलता त्याच प्रोग्रॅममध्ये त्याच तक्त्यानं पुन्हा पुन्हा सेव्ह केला तरी थोड्या फेऱ्यांनंतर तोटा जवळजवळ थांबतो, कारण आधीच पूर्णांक झालेले आकडे पुन्हा पूर्णांकच निघतात. खरा घात वेगळ्या ठिकाणी होतो. वरून तीन-चार ठिपक्यांची पट्टी कापली की सगळे चौकोन सरकतात. जुन्या चौकोनांच्या कडा नव्या चौकोनांच्या पोटात येतात, आणि यंत्र त्या कडांनाच फोटोतली रेघ समजून त्या जपायला बसतं. वरून दुसऱ्याच अ‍ॅपचा दुसराच तक्ता. आकार लहान केला की ठिपके नव्यानं मोजले जातात. अक्षरं लिहिली, रंग उजळला, की पुन्हा तेच. म्हणजे फोटोला नुसतं सांभाळणाऱ्या हाताचा त्रास होत नाही, सजवणाऱ्या हाताचा होतो. काकांच्या वडिलांच्या डोळ्यांवरून असे किती हात फिरले होते कोण जाणे.

दर शनिवारी सकाळी माझ्या मोबाइलवर जामसावळीचा मारुती येतो. सौसरजवळचं ते ठिकाण, तिथला मारुती निजलेला. पाठवणारे वेगवेगळे असतात, फोटो बहुधा तोच असतो. मूर्ती शेंदरी. या पद्धतीत गडद लाल आणि शेंदरी रंगाचे सगळ्यात जास्त हाल होतात. उजेडाची नोंद प्रत्येक ठिपक्याची ठेवतात, रंगाची मात्र बहुधा चार ठिपक्यांत मिळून एकच. त्यामुळे रंगाच्या कडा आधी पसरतात. माझ्याकडे येणाऱ्या फोटोत मारुतीच्या अंगावरचे चढउतार कधीच गेले आहेत. शेंदूर एकसारखा पसरला आहे, हार आणि हात यांच्यामधली सीमा पुसली आहे. तरी मी हात जोडतो. जो तिथे जाऊन आला आहे त्याला एवढं पुरतं, मन उरलेलं भरून काढतं. अडचण त्याची, ज्यानं मूळ पाहिलेलंच नाही. परदेशात वाढणाऱ्या आमच्या भाच्यांना जामसावळी म्हणजे एक शेंदरी डाग माहीत आहे.

काही ठिकाणी तर हे भरून काढणंही चालत नाही. आमच्याकडे संत्र्याचे बगीचे. पानावर काळं दिसायला लागलं, बुंध्याशी डिंक यायला लागला, की शेतकरी फोटो काढतो आणि पाठवतो. कोळशी आहे की आणखी काही, डिंक्या सुरू झाला का, हे जाणकाराला पानाच्या शिरांवरून, सालीच्या चिरेवरून, डागाच्या कडेवरून कळतं. आणि जेपेग नेमकी हीच बारीक नक्षी आधी सोडतो. फोटो शेजाऱ्याला, शेजाऱ्यानं पाहुण्याला, पाहुण्यानं नागपूरच्या ओळखीच्या माणसाला, असा गेला तर पोचेपर्यंत हिरव्यावर करडे ठिपके एवढंच उरतं. त्यावरून औषध सांगणारा बिचारा अंदाजच सांगणार, आणि फवारणीचा खर्च शेतकऱ्याचा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मध्ये जाम नदी. पात्रात पळसाचं झाड रोवलेलं, त्यावर झेंडा. दोन्ही काठांवरून दगड. प्रेमात पडून नदी ओलांडणाऱ्या पोरा-पोरीची गोष्ट आम्ही सगळे ऐकत मोठे झालो, आणि डोकी फुटलेली, माणसं गेलेलीही ऐकत आलो. मला त्या दिवसाविषयी कधी अभिमान वाटला नाही, पण तो आमचा आहे हे नाकारताही येत नाही. त्या दिवसाचे फोटो दरवर्षी फिरतात. असाच एक फोटो मी मूळ स्वरूपात पाहिला, ज्यानं काढला त्याच्याच कॅमेऱ्यावरून घेतलेला, आणि पुढे तोच फिरत फिरत आलेलाही पाहिला. दोन्ही शेजारी ठेवले. मूळ फोटोत भाद्रपदाचं ढगाळ आभाळ आहे आणि आभाळात दगड आहेत. मोजता येतील असे, एकेक कडा असलेले, एक तर गोल फिरत असताना पकडलेला. खाली उगारलेले हात, वर तोंडं. फिरून आलेल्या फोटोत आभाळ आहे, हात आहेत, तोंडं आहेत. दगड नाहीत.

असं का झालं ते समजायला वेळ लागत नाही. सपाट आभाळाच्या चौकोनात एक लहान काळा ठिपका ही त्या गणिताला सगळ्यात महाग पडणारी गोष्ट. तेवढ्या एका ठिपक्यासाठी जवळजवळ सगळ्या नक्ष्या थोड्या थोड्या लागतात. पहिल्या खेपेला दगडाभोवती फिकट लहरी उमटतात. मग फोटो लहान होतो, दगड एका ठिपक्याहूनही लहान होतो. मग चौकोनातले बारीक आकडे शून्य होतात आणि दगड आभाळात विरून जातो. उरलेल्या फोटोत एक गाव हात वर करून उभं आहे, कशासाठी ते कळत नाही. पाहणाऱ्याला ती जत्रा वाटेल, मिरवणूक वाटेल. यंत्रानं कुठेही खोटं घातलेलं नाही, फक्त सगळ्यात लहान गोष्ट काढली आहे, आणि त्या दिवशी सगळ्यात लहान गोष्टच सगळ्यात मोठी होती.

आणखी एक गोष्ट गळते, ती डोळ्यांना दिसत नाही. कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, कधी कधी जागाही लिहून ठेवतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवला की ही नोंद निघून जाते. मिळालेल्या फाइलच्या नावात तारीख असते, पण ती फोटो काढल्याची नसते, पाठवण्याची असते. म्हणून जुन्या गोटमारीचा फोटो नव्या वर्षीचा म्हणून फिरतो, जुन्या पुराचा फोटो यंदाचा म्हणून येतो. फोटोला जन्मतारीख राहत नाही. त्यानं काय होतं ते आपण पाहतोच.

आमच्याकडे फोटोला आणखी एक संकट आहे, ते एमपी ऑनलाइनच्या दुकानात. नोकरीचा फॉर्म, परीक्षेचा फॉर्म, शिष्यवृत्ती. बँकेच्या परीक्षेला फोटो वीस ते पन्नास केबीच्या आत लागतो, सही दहा ते वीस केबीच्या आत. स्टुडिओत काढलेला चांगला फोटो तिथला पोरगा दाबून दाबून पन्नासच्या खाली आणतो. फॉर्म भरला जातो, काम होतं. पण मग घरच्या पेनड्राइव्हमध्ये तोच पन्नास केबीचा फोटो राहतो, कारण तो 'सगळीकडे चालतो'. मोठा फोटो कुठे गेला, कोणी विचारत नाही. तोच बायोडेटावर जातो, तोच लग्नपत्रिकेच्या फ्लेक्सवर. एका माणसाचा सगळ्यात जास्त वापरला गेलेला चेहरा म्हणजे कुठल्या तरी भरतीच्या अटीत बसवलेला चेहरा. मला हे फार लागतं. पोरं तरुण असतात, त्यांना वाटतं फोटो काय, पुन्हा काढू. वीस-बावीसचा चेहरा पुन्हा काढता येत नाही.

आमच्या घरी भिंतीवर आजीचा फोटो आहे. यात्रेत आलेल्या फोटोवाल्यानं काढलेला, काळा-पांढरा, वहीच्या अर्ध्या पानाएवढा. आजी खुर्चीत ताठ बसली आहे, दोन्ही हात गुडघ्यांवर, नऊवारी लुगडं. जवळ जाऊन पाहिलं तर लुगड्याची चौकडी दिसते, बारीक, पदराच्या वळणावर तिरकी होत गेलेली. हनुवटीवर तीन गोंदणं आहेत. तीन वेगळी, मधलं किंचित खाली. लहानपणी मांडीवर झोपून ती मी बोटानं मोजायचो, म्हणून मला ती तीन आहेत हे माहीत आहे. कोणीतरी त्या फ्रेमचा काचेसकट फोटो काढला आणि तो आमच्या घराण्याच्या ग्रुपवर गेला. आता दर पुण्यतिथीला तो परत येतो, दर वेळी नव्या चौकटीत, नव्या फुलांत. चौकडी आधी गेली. लुगडं आता करड्या रंगाचं, साधं आहे. चौकडीच्या जागी आठ बाय आठचे यंत्राचे चौकोन आले आहेत, आणि नीट न पाहणाऱ्याला तीच चौकडी वाटते. गोंदणं मिळून एक झाली. नंतर तीही हनुवटीच्या सावलीत गेली. माझ्या मुलीनं आजीला पाहिलेलं नाही. ती म्हणाली, पणजीच्या हनुवटीवर डाग होता का?

परवा एका भाच्यानं तो फोटो 'क्लिअर' करून पाठवला. अशी अ‍ॅप आता फुकट मिळतात. चेहरा लखलखीत झाला, डोळ्यांत चमक आली, पापणीचे केस दिसायला लागले. हनुवटी गुळगुळीत. सगळ्यांनी वाहवा केली. मी तो फार वेळ पाहू शकलो नाही. त्या अ‍ॅपनं लाखो चेहरे पाहिलेले असतात, आणि जिथे माहिती नाही तिथे ते त्या चेहऱ्यांतलं काहीतरी बसवतं. ती कोणाची तरी आजी आहे. आमची नाही.

इथे मला ज्ञानेश्वरीची आठवण येते, आणि ती उगाच येत नाही. शके १२१२ मध्ये ग्रंथ झाला. पुढे जवळजवळ तीनशे वर्षं तो हातांनी उतरवला गेला. उतरवणाऱ्याचा डोळा चुकला, कोणाला जुना शब्द कळला नाही म्हणून त्यानं ओळखीचा घातला, कोणी भक्तीनं आपलीच ओवी जोडली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती ताडून पाहून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी यात आपलं घालू नये असं बजावलं. त्यानंतरही विद्वानांचा शोध संपला नाही. राजवाड्यांनी त्यांना जुनी वाटलेली प्रत १९०९ मध्ये छापली आणि तिच्यावरून वाद झाले. म्हणजे गळणं आणि भर पडणं ही काही मोबाइलनं आणलेली गोष्ट नाही. पण एक फरक मोठा आहे. हाताच्या प्रतींमध्ये एकाची चूक दुसऱ्यात असेलच असं नसतं. पैठणच्या प्रतीत जे बिघडलं ते आपेगावच्या प्रतीत शाबूत असू शकतं. म्हणूनच चार प्रती शेजारी ठेवल्या की मूळ हाती लागण्याची आशा असते. ग्रुपवरून फिरलेल्या आजीच्या फोटोच्या शंभर प्रती एकत्र केल्या तरी गोंदणं परत येणार नाहीत, कारण त्या सगळ्या एकाच दाबलेल्या प्रतीच्या लेकी आहेत. जे पहिल्या खेपेला गेलं ते सगळ्यांतून गेलं. आमच्याजवळ भिंतीवरची फ्रेम आहे म्हणून आम्ही वाचलो. तिच्यातला कागदही पिवळा पडतो आहे, कडेनं चांदीसारखी झाक आली आहे, पण तो सावकाश जातो आहे, आणि सगळा मिळून जातो आहे. गोंदणं अजून तीन आहेत.

जुन्या कागदांचंही हेच. आमच्या पेटीत मोडीतली एक पावती आहे. मोडीत हात न उचलता लिहीत जायचं, त्यामुळे एका छोट्याशा गाठीवर अक्षर बदलतं. तिचा फोटो वाचायला एका जाणकारांकडे पाठवला तर ते म्हणाले, अक्षरांभोवती मुंग्या चढल्यासारख्या दिसतात, रक्कम लागत नाही. जेपेग हा हळूहळू बदलणाऱ्या छटांसाठी आहे. आभाळ, गाल, भिंत. काळ्या अक्षराची पांढऱ्यावरची तीक्ष्ण कड त्याला झेपत नाही. अशा कागदासाठी काहीच न सोडणारी पद्धत हवी. १९९६ पासून पीएनजी ही तशी एक आहे, स्कॅनरवाल्याला सांगितलं की तो तशी फाइल देतो. ती दिली तेव्हा त्यांनी रक्कम वाचली, आणि ती ज्याच्याकडून घेतली त्याचं गावही वाचलं.

हे सगळं मनात असण्याचं आणखी एक कारण आहे. छिंदवाड्याहून सौसर, लोधीखेडा करत नागपूरला जाणारी छोटी गाडी आमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळातला अडीच फुटी रूळ, रामाकोन्याकडून घाटात शिरताना हळू होणारी, माणसं उतरून सोबत चालतील इतकी हळू. २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली आणि त्या जागी मोठे रूळ आले. मोठ्या गाडीचा फायदा आहेच, तक्रार नाही. पण त्या छोट्या गाडीचे जे फोटो आज फिरतात ते सगळे फिरून फिरून आलेले आहेत. डब्यावरची अक्षरं वाचता येत नाहीत. खिडकीतली माणसं कोण ते ओळखू येत नाही, नुसती डोकी आहेत. इंजिनाच्या धुराचे चौकोन झाले आहेत. मारुतीचा फोटो पुन्हा काढता येईल, बगीचा उद्याही असेल, गोटमार पुढच्या पोळ्यालाही होईल. त्या गाडीचा फोटो आता कोणाला काढता येणार नाही.

तेव्हा सौसर, रामाकोना, लोधीखेडा, उमरानाला, जिथे कुठे तुम्ही असाल तिथे, आणि इथून नागपूर-पुण्याला गेलेल्यांनीसुद्धा, एवढं करावं. त्या गाडीचे फोटो तुम्ही स्वतः काढले असतील तर जुना मोबाइल, मेमरी कार्ड, अडगळीतली सीडी शोधा. फाइल सापडली की तिच्यात काही कापू नका, उजळू नका, नाव लिहू नका. आहे तशी दोन ठिकाणी कॉपी करून ठेवा. कोणाला पाठवायची असेल तर 'फोटो' म्हणून पाठवू नका, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, तशी ती जशीच्या तशी पोचते. कागदावरचा फोटो असेल तर फ्रेमची काच काढून चांगल्या स्कॅनरवर स्कॅन करून घ्या. खिडकीतल्या माणसांपैकी कोणी ओळखीचं असेल तर ते नाव एका कागदावर लिहा, आणि कोणत्या वर्षी काढला तेही.